शिसपेन्सिल आणि मानवाकृती



पेन्सिलीने माणसाची आकृती काढणे हा विषय ऐकून काहींना वाटेल, की हे काम शाळेतील ड्रॉइंगमास्तरांचे. व्याख्यानमालेत त्याला इतिहासाच्या पंक्तीत कसे बसविले? तर विषय इतिहासाचाच आहे, आणि तो धाडला मांडण्यासही कारण आहे. समोरच्या माणसाकडे टक लावून पाहावे, त्याचे माप घ्यावे आणि कागदावर तोच माणूस उतरवावा, ही विद्या महाराष्ट्रात ज्या वाटेने आली त्या वाटेवरचा एक मोठा मुक्काम आपल्या पश्चिमेस, अजिंठ्याला आहे. आपण अजिंठ्याला जातो, लेणी पाहतो, घाटातला वारा खातो आणि परत येतो. त्या लेण्यांच्या अंधारात एकोणिसाव्या शतकात मुंबईचे विद्यार्थी हंगामामागून हंगाम बसून काय करीत होते, याची चौकशी मात्र फारसे कोणी करीत नाही. ती आज करावयाची आहे.

प्रथम साधनाविषयी. आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी हिचे नाव शिसपेन्सिल. हिच्यात शिसे मुळीच नसते. सोळाव्या शतकात इंग्लंडातील बॉरोडेल येथे काळ्या, मऊ द्रव्याची खाण सापडली. ते शिशाचाच प्रकार असावे अशी लोकांची समजूत झाली, आणि ते ग्रॅफाइट म्हणजे निव्वळ कार्बन आहे हे पुढे कळले तरी नाव चिकटले ते चिकटलेच. फ्रान्स व इंग्लंड यांचे युद्ध जुंपल्यावर फ्रान्सला हा माल मिळेना, तेव्हा कॉन्ते नावाच्या कल्पक गृहस्थाने १७९५ साली ग्रॅफाइटची पूड व चिकणमाती कालवून, भट्टीत भाजून कांड्या पाडल्या. माती अधिक तर रेघ कठीण व फिकी. माती कमी तर रेघ मऊ व काळी. आज दुकानात एचबी, टूबी, सिक्सबी अशी अक्षरे छापलेल्या ज्या पेन्सिली मिळतात, त्यांचे मूळ या युद्धातल्या टंचाईत आहे.

येथून काही लोक एक सोपा हिशेब मांडतात : पेन्सिल परकी, म्हणून पेन्सिलीचे रेखाटनही परके; आपले चित्रकार देव काढीत, माणसाकडे पाहून माणूस काढणे साहेबाने शिकविले. हा हिशेब आम्हास मान्य नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास मानसोल्लास हा ग्रंथ रचला. त्यात चित्रकलेचे प्रकरण आहे, आणि त्यात वर्तिकेची कृती दिली आहे. काजळ घ्यावे, ते शिजलेल्या भाताबरोबर मळावे, वातीसारख्या कांड्या वळाव्यात व त्यांनी रेखाटन करावे. ही पेन्सिलच झाली. फक्त कारखान्याऐवजी स्वयंपाकघरात तयार झालेली. तसेच प्रमाणाचे शास्त्रही आपल्याकडे होते. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्र पुरुषांचे पाच प्रकार सांगते : हंस, भद्र, मालव्य, रुचक आणि शशक, उंची अनुक्रमे १०८, १०६, १०४, १०० व ९० अंगुले. बारा अंगुलांचा एक ताल, म्हणजे साधारणतः एका चेहऱ्याची लांबी. म्हणून हंस पुरुष नऊ तालांचा. युरोपातील शिक्षक माणूस साडेसात डोक्यांचा सांगतात. पण डोके टाळूपासून मोजतात आणि ताल कपाळावरील केसांच्या रेषेपासून, तेव्हा नऊ आणि साडेसात हे आकडे शेजारी ठेवून आपले पूर्वज माणूस उगाच लांब काढीत असे म्हणणे हे माप न पाहता कापड मोजण्यासारखे आहे. शिवाय कामसूत्राच्या टीकेत यशोधराने चित्राची जी सहा अंगे सांगितली आहेत, त्यांत प्रमाणाप्रमाणेच सादृश्यही आहे. म्हणजे जे काढावयाचे त्याच्याशी साम्य साधणे. पाहिल्यावाचून सादृश्य येत नाही.

मग नवे काय आले? आमच्या मते नवा आला तो समोर बसलेला माणूस. जुना चित्रकार खूप पाहत असे, पण पाहिलेले मनात साठवून, शास्त्राच्या मापात बसवून मग भिंतीवर ठेवीत असे. दरबारी तसबिरी हुबेहूब होत्या, परंतु त्या राजाच्या, सरदाराच्या, फार तर एखाद्या गवयाच्या. कोणी पखालवाला, कोणी हमाल, कोणी म्हातारी तासन्‌तास समोर बसावी, आणि चित्रकाराने तिच्या गुडघ्याच्या वाटीपाशी अडून राहावे, हे पूर्वी नव्हते. पेन्सिलीबरोबर सामान्य माणसाच्या शरीराला ही किंमत आली. पुढची सगळी हकिकत त्या किमतीची, आणि ती कोणाच्या पदरात पडली त्याची आहे.

पहिला प्रयत्न पुण्याचा. पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याला वेरूळ-कार्ल्याच्या लेण्यांची नकाशाबरहुकूम चित्रे हवी होती. १७९१ च्या सुमारास जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यास आला आणि प्रत्यक्ष शनिवारवाड्यात एक चित्रशाळा निघाली. तेथील शिष्यांत गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट हा सर्वांत गुणी निघाला. त्याची चित्रे आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत, पुण्यात नाहीत. वेल्स १७९५ साली वारला आणि शाळाही गेली. पण वेल्सने सवाई माधवराव, नाना फडणीस इत्यादिकांना समोर बसवून काढलेली रेखाटने उरली होती. ती हाताशी घेऊन टॉमस डॅनियलने इंग्लंडात बसून पुणे दरबाराचे मोठे तैलचित्र १८०५ साली पुरे केले. दरबार भरला १७९० मध्ये, आणि डॅनियल त्या वेळी तेथे नव्हता. हातात कागदावरची डोकी होती म्हणून दरबार उभा राहिला. रेखाटन हे चित्राचे बी कसे असते, याचे याहून चांगले उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

आता अजिंठा. १८१९ साली मद्रासच्या घोडदळातील जॉन स्मिथ शिकारीच्या निमित्ताने वाघूर नदीच्या दरीत शिरला आणि दहाव्या लेण्यात पोहोचला. तेथे त्याने आपले नाव व तारीख खांबावर रंगविलेल्या आकृतीवरच ओरखडून ठेवली. प्राचीन मानवाकृतीशी नव्या काळाची ही पहिली भेट! पुढे १८४४ साली कंपनी सरकारने रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमले. गिलने अजिंठा गावातील बारादरीत बिऱ्हाड केले आणि जवळजवळ वीस वर्षे या कामात घातली. पारो आणि गिल यांची गोष्ट आपल्याकडे सर्वांना पाठ आहे. तिचे थडगे पाहायला लोक जातात. गिलने काढलेल्या आकृत्या किती आणि त्यांचे काय झाले, हे विचारा, म्हणजे सभा गप्प होते. त्या आकृत्या लंडनला गेल्या, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या गेल्या, आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत चार-पाच सोडून बाकी सर्व जळाल्या. वीस वर्षे एका रात्रीत. मधल्या काळात गिलच्या हाती कॅमेरा आला होता, आणि त्याने घेतलेल्या छायाचित्रांची पुस्तके १८६४ साली निघालीही होती. कॅमेरा हाती असूनही भिंतीवरच्या रंगीत आकृतीसाठी हाताने काढलेल्या रेघेवाचून त्याचे भागले नाही; त्या काळच्या काचेवर ना रंग उमटत, ना अंधारातले बारकावे. गिल १८७९ साली भुसावळजवळ वारला. त्याची कबर तेथेच आहे.

या सर्व काळात राजकीय सीमा कशी होती ते लक्षात घ्या. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले, अजिंठा निजामाकडेच राहिला. म्हणजे बुलढाण्याकडचा माणूस अजिंठ्यास निघाला की तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाई. पण पंधराशे वर्षांपूर्वी ही सीमा नव्हती. सोळाव्या लेण्याचा दाता वराहदेव हा वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री, आणि हरिषेणाची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपले वाशीम. अजिंठ्याची चित्रे ज्या राजवटीत रंगली ती वऱ्हाडची होती, एवढे अभिमानाने सांगण्यास हरकत नाही.

गिलची चित्रे जळाली म्हणून सरकारने काम पुन्हा काढले. या वेळी ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टकडे आले. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये ही शाळा निघाली होती, आणि १८६५ पासून जॉन ग्रिफिथ्स तेथे शिकवीत होता. १८७२ च्या हिवाळ्यापासून, मधल्या खंडासह, १८८५ पर्यंत ग्रिफिथ्स व त्याचे विद्यार्थी अजिंठ्याला येत राहिले. पेस्तनजी बोमनजी हा त्या विद्यार्थ्यांत अग्रगण्य. पुढे तो मुंबईचा नामांकित चित्रकार झाला.

हे विद्यार्थी काय शिकून आले होते, ते पाहू. त्यांचा अभ्यासक्रम लंडनच्या साउथ केन्सिंग्टनचा. आरंभी सरळ रेषा, मग छापील नमुन्यांची नक्कल, मग प्लास्टरचे ग्रीक पुतळे. एकेका पुतळ्याच्या छायाप्रकाशावर आठवडेच्या आठवडे. हात लांब करावा, कोपर ताठ, एक डोळा मिटावा, पेन्सिलीचे टोक पुतळ्याच्या टाळूशी व अंगठ्याचे नख हनुवटीशी धरावे, आणि ते माप खाली खाली मोजीत न्यावे. गळ्याच्या खाचेतून ओळंबा सोडावा. माणूस एका पायावर भार देऊन उभा असेल तर तो ओळंबा त्याच पायाच्या घोट्यापाशी उतरला पाहिजे, नाहीतर आकृती पडते. हे नियम खरे आहेत व आजही उपयोगी आहेत. मात्र अपोलोच्या पुतळ्यावर हात बसलेला मुलगा पहिल्या लेण्यातील पद्मपाणीसमोर बसला, तेव्हा त्याची पंचाईत झाली असली पाहिजे. तेथे कडेची सावली जवळजवळ नाही. एक ओघवती रेघ खांद्यावरून निघते आणि कोपराशी किंचित जाड होऊन मनगटाशी निमुळती होते. हाताची गोलाई त्या जाडीतच आहे. जेथे रंगाचे पापुद्रे निघाले आहेत, तेथे खाली गेरूची लाल रेघ दिसते, म्हणजे चित्रकाराचे पहिले रेखाटन. ती रेघ पाहिली की ध्यानात येते, की या माणसाने शास्त्राची मापे पाठ केली होती हे खरे, तसेच त्याने बसलेली, रेललेली, मूर्च्छित झालेली माणसे पोटभर पाहिली होती हेही खरे. सोळाव्या लेण्यातील ती मरणोन्मुख राजकन्या, तिची गळलेली मान व सैल पडलेली बोटे, हे पाहिल्यावाचून येत नाही. ग्रिफिथ्ससारखा कसलेला युरोपीय शिक्षकही त्या चित्रातील भावापुढे नमला.

तेव्हा परकी नजर आणि देशी स्मृती अशी जी फोड पुस्तकांत करतात ती अजिंठ्याच्या भिंतीपाशी टिकत नाही. तेथे मुंबईचा विद्यार्थी नक्कल करता करता आपल्याच जुन्या गुरूकडे शिकत होता, आणि ते शिक्षण त्याच्या अभ्यासक्रमात कोठे लिहिलेले नव्हते.

दुर्दैव असे, की ही चित्रेही लंडनला गेली, आणि त्यांतील बरीचशी १८८५ च्या साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेली. उरलेल्यांच्या आधारे ग्रिफिथ्सचे दोन मोठे खंड १८९६-९७ मध्ये निघाले. शिवाय नकला करताना पुसट चित्रे उजळावी म्हणून भिंतींवर वार्निश फासले गेले. ते पुढे पिवळे पडले व ते काढण्यासाठी निजाम सरकारला १९२० नंतर इटलीहून तज्ज्ञ बोलवावे लागले. नकलेपायी मुळाची हानी झाली, हे लपविण्यात अर्थ नाही. यानंतर १९०९ ते १९११ मध्ये लेडी हेरिंगहॅम आल्या. त्यांच्याबरोबर बंगालचे नंदलाल बोस, असितकुमार हालदार हे तरुण होते. त्यांना येथे जे मिळाले ते शांतिनिकेतनात फळाला आले. मुंबईच्या विद्यार्थ्यांना मिळाले त्याचे श्रेय मात्र त्यांना कमीच दिले जाते, असे आम्हास वाटते.

मुंबईत या विद्येला खरा बहर आला तो महादेव विश्वनाथ धुरंधरांच्या हातून. कोल्हापूरचे धुरंधर (१८६७-१९४४) १८९० मध्ये जे. जे.मध्ये दाखल झाले आणि शिकून, शिकवून १९३१ मध्ये निवृत्त झाले. त्या एकेचाळीस वर्षांचे त्यांचे आत्मवृत्त मराठीत आहे व ते प्रत्येक वाचनालयात असावे. त्यांचा हात विलक्षण जलद. लग्नाची वरात, बाजार, देवळाबाहेरची गर्दी, यांतील प्रत्येक माणूस आपल्या पायावर नीट उभा. ऑटो रॉथफेल्डच्या ‘भारतातील स्त्रिया’ या १९२० च्या इंग्रजी पुस्तकासाठी त्यांनी निरनिराळ्या जातींच्या व प्रांतांच्या स्त्रिया रंगविल्या. येथे थोडे थांबावेसे वाटते. चित्रे सुंदर आहेत, लुगड्याची नीरी न्‌ नीरी पाहून काढलेली आहे. पण खाली लिहिले आहे ते जातीचे किंवा धंद्याचे नाव. बसलेली बाई कोण, ते नाही. हंस, भद्र, मालव्य यांच्या जागी साहेबाच्या खानेसुमारीतील जाती आल्या, एवढाच फरक. समोर माणूस बसला, आणि कागदावर पुन्हा नमुनाच उतरला! यात धुरंधरांचा दोष आम्ही मानीत नाही. मागणी पुस्तकाची होती.

१९१९ साली ग्लॅडस्टन सॉलोमन प्रमुख म्हणून आला आणि त्याने विवस्त्र मॉडेलवरून अभ्यासाचा वर्ग सुरू केला. सभ्य समाजात या वर्गाविषयी कुजबुज झाली, आणि ती अद्याप पुरती थांबलेली नाही. कपड्याखालचे हाड व स्नायू समजल्याशिवाय कपडाही नीट काढता येत नाही, ही गोष्ट वैद्याला जितकी उघड तितकीच चित्रकाराला. पण कुजबुज करणाऱ्यांचे तोंड चित्रकाराकडे नव्हते. चित्रकाराला पदक मिळे, तैलचित्राला गिऱ्हाईक मिळे. बोल लागे तो बसणाऱ्या बाईला. ती पोटासाठी बसे. एका स्थितीत न हलता बसणे हे काम कोणी करून पाहावे : पाच मिनिटांत मान अवघडते, दहा मिनिटांत भार दिलेल्या पायाला मुंग्या येतात, वीस मिनिटांनी विश्रांती द्यावीच लागते, आणि मग खडूच्या खुणांवर पाऊल पुन्हा जेथल्या तेथे ठेवावे लागते. अशा अभ्यासाच्या कागदांवर कोपऱ्यात विद्यार्थ्याची सही असते, तारीख असते, मास्तरांचा शेरा असतो. बसणाऱ्याचे नाव सहसा नसते. मराठी चित्रकलेचा अर्धा इतिहास अशा बिननावाच्या माणसांच्या अवघडलेल्या पायांवर उभा आहे.

मधली बरीच नावे आम्ही सोडून देत आहोत. हळदणकर, बेंद्रे यांच्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हावे. एक मात्र सांगितले पाहिजे. माधवराव सातवळेकर, आचरेकर यांच्या पिढीतील एम. आर. आचरेकर (१९०७-१९७९), ज्यांना सिनेमाचे लोक ‘आवारा’चे कलादिग्दर्शक म्हणून ओळखतात, त्यांनी १९५८ मध्ये ‘रूपदर्शिनी’ हे पुस्तक काढले. त्यात त्यांनी जुन्या भारतीय आकृती घेतल्या, आणि जिवंत मॉडेलला त्याच ढबीत ठेवून पेन्सिलीने रेखाटले. पाहणाऱ्याला दोन्ही ताडून पाहता येतात : शिल्पकाराने कंबर कोठे बारीक केली, खांदा कोठे उतरविला, आणि शरीराचा तोल कोठे जसाच्या तसा ठेवला. अजिंठ्याच्या अंधारात ऐंशी वर्षांपूर्वी जो प्रश्न विद्यार्थ्यांच्या हातापुढे आला होता, त्याला आचरेकरांनी कागदावर दिलेले हे उत्तर होते.

आता आपल्या गावच्या शाळेकडे येऊ. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या ड्रॉइंगच्या परीक्षा महाराष्ट्रात लाखो मुलांनी दिल्या; खेड्यापाड्यांतील कित्येकांना चित्रकलेचे दार त्यांनीच उघडून दिले, आणि त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. पण त्यांची मांडणी पाहा. घागर, पुस्तक, कांदा समोर ठेवून काढावयाचा. माणूस मात्र स्मरणचित्रात : पाणवठा, बैलबाजार, बसथांबा. कांदा पाहून, माणूस आठवून! लहान वयात मुलाच्या स्मरणात माणूस असतो कोठे? म्हणून तो पाठ केलेला माणूस काढतो : अंड्यासारखे डोके, बाजूला दोन काठ्या, सगळ्यांचे तोंड डावीकडे. पुढे हेच मूल दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावरची सुंदरी उतरवून काढते, आणि घरचे त्याला चित्रकार म्हणतात. दलाल-मुळगावकरांच्या हातामागे जिवंत माणसाचा अभ्यास होता. नकलेत तो येत नाही. आजच्या मुलांच्या हाती तर फोन आहे. तो चेहरा पटकन टिपतो, आणि मूल त्या सपाट चित्रावरून पुन्हा रेघ मारते. खांदा कोठे पुढे आला व कोठे मागे गेला, हे काचेवरून कळत नाही.

ज्याला हे शिकावयाचे आहे त्याला मुंबईच्या वर्गाचीच वाट पाहावी लागते असे नाही. मॉडेलला द्यायला पैसे नसले तर बाजाराच्या दिवशी कामावर असलेला माणूस गाठावा. रिकामा बसलेला माणूस तुम्ही पाहता आहात हे कळताच सावरून बसतो, किंवा उठून जातो. काम करणाऱ्याचे तसे नसते. ऐरणीवर घण मारणारा, सूप घेऊन पाखडणारी, तराजू उचलणारा, शिलाईयंत्राचे पायडल दाबणारा, हे सगळे दर काही पळांनी त्याच स्थितीत परत येतात. पहिल्या फेरीत फक्त पाठीच्या कण्याची रेघ घ्यावी, दुसरीत भार कोणत्या पायावर आहे ते, तिसरीत डोक्याचा कल. हात व बोटे सर्वांत शेवटी. पेन्सिल टूबी असावी, तासताना टोक लांब काढावे आणि रबर घरी ठेवून यावे. आणि कागद दाखवून, त्या माणसाला नाव विचारून, ते तारखेशेजारी लिहावे.